चिवड्याच्या डब्यातले बांगडे

हॉटेलचा मॅनेजर सॅविओ याने रिसेप्शनच्या टेबलावर स्टीलचा डबा ठेवला आणि झाकण काढलं. आत असायला हवा होता पुण्याचा चिवडा. त्या चिवड्यात दडवलेल्या असायला हव्या होत्या सोन्याच्या दोन पाटल्या. आत होते मासे.

"एक सौंदाळो, दोन बांगडे, तीन पेडवे," दत्तप्रसाद म्हणाला. "ताजे आसत."

"दादा, तुका इतक्याच दिसला?" नर्मदाने विचारलं.

"माका आनी काय दिसतला?"

नर्मदा केळुसकर कुडाळात खासगी तपासाचं काम करायची. तिचा थोरला भाऊ दत्तप्रसाद एसटीतून निवृत्त झाल्यापासून तिची गाडी चालवत होता. बहिणीचं डोकं आपल्यापेक्षा दुप्पट चालतं हे त्याला लहानपणापासून मान्य होतं आणि तो ते गावभर कौतुकाने सांगत फिरायचा. आपलं अर्धं कुठे गेलं हा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

मालवणातल्या या हॉटेलात देवस्थळी कुटुंब सुट्टीसाठी उतरलं होतं. मितेश, सारिका आणि दोन मुलं. उद्या परतीच्या वाटेवर फोंडाघाटला लग्न गाठायचं म्हणून सारिकाने सासूबाईंच्या पाटल्या बरोबर आणल्या होत्या. दुपारी पाहते तर डबाच गायब. सॅविओने फाटकात सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या, आणि डबा निघाला खोल्या आवरणाऱ्या ईडाच्या पिशवीत. मग त्याने नर्मदाला बोलावून घेतलं.

"संध्याकाळपर्यंत पाटल्या मिळाल्या नाहीत तर मी पोलिसांत जाणार," सारिका म्हणाली. "इथेच, सगळ्यांसमोर मी हिला विचारलं. चोर तोंड उघडेल कशाला?"

ईडा भिंतीला टेकून उभी होती. दहा वर्षं तिने या हॉटेलात घालवली होती. आज डाग लागला तर मालवणात दुसरं कुणी तिला दारात उभं करणार नव्हतं.

"लॉकरमध्ये का नाही ठेवल्या?" नर्मदाने सारिकाला विचारलं.

"लॉकरवर माझा विश्वास नाही. चिवड्यात कोण हात घालणार? तो सादळू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधला होता, पिशवी डब्यात. पाटल्या रुमालात गुंडाळून मधोमध."

"हे कुणाला ठाऊक होतं?"

"कुणालाच नाही. ह्यांनासुद्धा नाही. आणि मुलांसमोर हा विषय काढायचा नाही, असं मी बजावलंय. उगीच घाबरतील."

"घरात मासे चालतात?"

"वास आला तरी मी खिडकी लावते!"

नर्मदा ईडाकडे वळली. "ईडाबाय, मासे खंयसून इले?"

"मी चोरूक नाय. ह्येच्या म्होरा काय्येक सांगूचंय नाय."

"आज भायर गेल्लंस?"

"नाय," सॅविओच मध्ये बोलला. "सकाळपासून वरच्या मजल्यावर होती. दुपारी सुटली आणि फाटकात सापडली."

नर्मदाने ईडाच्या चपलांकडे पाहिलं. वाळूचा कण नव्हता.

मितेशला विचारलं तेव्हा तो जरा ओशाळला. सकाळी मुलांना समोरच्या किनाऱ्यावर तोच घेऊन गेला होता. "ऑफिसचा फोन आला. मुलं तिथे रापणीचं मोठं जाळं दोरीने किनाऱ्यावर ओढणाऱ्यांजवळ उभी होती, माझ्या नजरेसमोर. मध्ये एकदा खोलीत जाऊन आली, पाणी प्यायला."

"मी तेव्हा आंघोळीला गेले होते," सारिका म्हणाली.

मुलं मागच्या अंगणात होती. चार वर्षांचा ओमकार लाल बादलीत पाणी भरत होता. त्याच्या पायाशी हॉटेलचं मांजर बादलीची कड चाटत बसलं होतं, आणि आतल्या बाजूला काहीतरी चंदेरी चिकटलं होतं. नऊ वर्षांची आकांक्षा झोपाळ्यावर बसली होती, दोरीला न धरता.

"हात दुखतात?" नर्मदाने विचारलं.

आकांक्षाने मुठी मिटल्या, मग हळूच उघडल्या. तळवे लालभडक झाले होते. नर्मदा तिच्याशेजारी बसली आणि बराच वेळ तिच्या कानात काहीतरी बोलत राहिली. शेवटी पोरीने मान हलवली.

"चला," नर्मदा सगळ्यांना म्हणाली. "पाटल्या आणूया. ईडाबाय, तूय चल."

"खंय?" दत्तप्रसाद गोंधळला.

"रापणीर."

वाळू तुडवताना तिने सांगायला सुरुवात केली. "चोराने डबा घेतला असता तर सोनं काढून डबा टाकून दिला असता. त्यात मासे भरून, फाटकातून मिरवत कोण नेईल? आणि मासे तरी कसे? बाजारात एका जातीचा वाटा मिळतो. दादा, तू स्वतः मोजलंस, तीन जातींचे सहा मासे. असा सरमिसळ वाटा कुठे मिळतो?"

"रापणीर!" दत्तप्रसादने कपाळावर हात मारला. "दोरयेक हात लागलो काय वाटो मिळता!"

"ईडाच्या चपलेला वाळू नाही, म्हणजे मासे दुसऱ्याच कुणी आणले. आकांक्षाच्या तळव्यांवर दोरीचे वळ आहेत. बादलीत खवले आहेत. बादली उघडी, वास सुटणार, आईला कळणार. खोलीत घट्ट झाकणाचं भांडं एकच होतं. तिने आतली पिशवी उचलून बाहेर काढली, मासे डब्यात घातले आणि ईडाला देऊन म्हणाली, तुम्ही खा, पण आईला सांगू नका. ईडाने शब्द दिला. तुम्ही चोर म्हणालात तरी तिने तो मोडला नाही, सारिकाताई. मीही आकांक्षाला विचारूनच बोलतेय."

सारिकाचे पाय वाळूत थांबले. "आणि पिशवी?"

"त्यांनी आम्हाला वाटा दिला ना," आकांक्षा पुटपुटली. "मग आपण पण द्यायला नको?"

मांडवाखाली रापणीचे म्होरके दाजी जाळं दुरुस्त करत बसले होते. होडीच्या वल्ह्याला चिवड्याची पिशवी टांगलेली होती. गाठ तशीच होती.

"सोडली नाही?" सारिकाने विचारलं.

"सगळ्यांच्या वाट्याचो तो. थोडे जण मासळी इकूक गेलेत," दाजी म्हणाले. "सगळे जमल्याबिगर सोडूची कशी?"

इतका देखणा कायदा दत्तप्रसादने कुठल्या कोर्टात पाहिला नव्हता. त्याचा ऊर भरून आला. नर्मदाने चार वाक्यांत प्रकार सांगितला, तेव्हा दाजींनी पिशवी काढून आकांक्षाच्याच हातात दिली. चिवड्याच्या पोटातून रुमाल निघाला. रुमालातून पाटल्या निघाल्या.

सारिकाने त्या हातातही घातल्या नाहीत. मूठभर चिवडा घेऊन ती ईडापुढे उभी राहिली. "ईडाताई, माझं चुकलं. घ्या ना."

ईडाने हात पुढे केला नाही. "मॅडम, चोर म्हणालात ते इथे नाही. रिसेप्शनवर, सगळ्यांसमोर."

 सारिका मूठ तशीच मिटून वळली आणि भराभर चालू लागली. सगळी वरात तिच्यामागून हॉटेलात शिरली. रिसेप्शनवर नवे पाहुणे सामान उतरवत होते. स्वयंपाकघरातली माणसंही दारात आली.

"ऐका," सारिका मोठ्याने म्हणाली.  "दुपारी मी ईडाताईंना चोर म्हणाले. त्या चोर नाहीत. माझ्या मुलीला दिलेला शब्द त्यांनी पाळला. मी त्यांची माफी मागते."

 ईडाने पदराने डोळे पुसले आणि चिवड्याची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या आकांक्षासमोर ओंजळ धरली.

"बाय, आता दी माझो वाटो."