चौथा खड्डा

हिंगोलीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. सहा मराठी यंत्रं, दोन इंग्रजी, आणि भिंतीवर बोटांचा तक्ता. कोणत्या बोटानं कोणती कळ दाबायची ते मी छडीनं दाखवायचो. एका बोटानं दुसऱ्याच्या कामात लुडबुड केलेली मला चालत नसे. माझा स्वभावच तसा, सरळ रेघेतला. निता, माझी बायको, मला यंत्राचा सुटा भाग म्हणायची.

अशा माणसाला गिटारचा नाद लागावा याचं सगळ्यांनाच नवल वाटलं. १९९९च्या जानेवारीत जलालुद्दीनभाईंच्या दुकानात ती टांगलेली दिसली. भाई पेट्या, ढोलक्या दुरुस्त करायचे. गिटार कलकत्त्याच्या बनावटीची, जुनी, पोटावरची चीर सरसानं सांधलेली. मीच मागितली, अगदी स्वस्तात मिळाली. मानेवरच्या काळ्या पट्टीत झिजून झिजून तीन खड्डे पडले होते, गुळगुळीत, बोटाचं टोक मावेल एवढे. मी त्याबद्दल विचारलं.

"आधीच्यानं लई वाजवली, सर," भाई म्हणाले. ते डाव्या हातानं डबा धरून सरस ढवळत होते. त्या हाताला करंगळी नव्हती.

दुपारी दोन ते चार यंत्रं रिकामी असत. तेव्हा मी पुस्तक समोर ठेवून शिकलो. तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी आपोआप खड्ड्यांत जाऊन बसत. करंगळीशेजारच्या बोटाला तेवढी जागा नव्हती, ते कोऱ्या लाकडावर पडायचं. तरी आवाज भरून यायचा. एवढा आनंद मला दुसऱ्या कशानं झाला नव्हता, खोटं कशाला बोलू.

एक मे रोजी हिंगोली जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या आल्या आणि टंकलेखकाची एक जागा निघाली. परीक्षा नोव्हेंबरात होती. माझी वयाची अट डिसेंबरात संपत होती, आणि कॉम्प्युटर आले की इन्स्टिट्यूटला कुलूप लागणार हे मला दिसत होतं. त्या जागेवर माझा संसार टांगलेला होता.

परीक्षेच्या तयारीत गिटार चार-चार दिवस तशीच राहू लागली, आणि जूनमध्ये माझ्या सरावाच्या कागदावरून अक्षरं गळू लागली. सगळी एकाच बोटाची. करंगळीशेजारचं ते बोट दिसायला धडधाकट होतं, पण हौदातून काढल्यासारखं गार. डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. वाजवून शिणलं असेल म्हणून मी गिटार खुंटीला टांगली. तेरा दिवस हात लावला नाही.

चौदाव्या दिवशी सकाळी अंगठी सापडेना. मी निताला दोन-तीनदा विचारलं, आवाजही चढवला. ती भाकरी थापता थापता थांबली.

"आवो, कोनती अंगठी? त्या बोटात कशी घालसाल तुमी?"

मी हात समोर धरला. बोट अर्धंच होतं. टोकाला जुना, पांढरा, मऊ पडलेला व्रण. रक्त नाही, दुखणं नाही. मी म्हणालो, काल होतं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग मी साठाच्या वेगाची परीक्षा कशी पास झालो, असं विचारलं, तर म्हणाली, "नऊ बोटांनी. म्हनून तर लोक नाव काढतेत तुमचं."

त्याच दुपारी कनेरगाव नाक्याला उतरून मी तांड्यावर आईकडे गेलो. भिकाबाईनं, माझ्या आईनं, आमच्या बोलीत सगळं सांगितलं: मी पाच वर्षांचा होतो, कडबा कापायच्या यंत्रात बोट गेलं, ती मला उचलून नाक्यापर्यंत पळाली. सांगताना रडली. ते रडणं खरं होतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

परत येऊन गिटार उतरवली. पट्टीवर चार खड्डे होते. चौथ्यात धूळ बसली होती.

भाईंच्या दुकानात गेलो तेव्हा त्यांनी गिटारकडे पाहिलंच नाही.

"घरचे काय म्हन्तात? लहानपनी गेलं?"

मी मान हलवली.

"मलाबी आईनं तसंच सांगितलं. उसाच्या चरकात." त्यांनी आवाज खाली आणला. "रोज वाजवायची, सर. थांबलं की जातं."

जन्मभर का, असं मी विचारलं.

"न्हाई. कुनी आपनहून मागितली तर सुटका हाय. गळ्यात मारून चालत न्हाई. तुमी मागितली बराबर? मी अकरा वर्सं वाट पाह्यली."

मी त्यांना नाही नाही ते बोललो. ते खाली मान घालून सरस ढवळत राहिले.

तेव्हापासून रोज वाजवली. तापात वाजवली. मेहुणीच्या लग्नाला गेलो नाही, एका रात्रीसाठीही गाव सोडलं नाही. गोड वाटणारा तो आवाज कानाला नकोसा झाला. नऊ बोटांनी वेग कसाबसा पन्नासावर आणला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला अफरोज दुपारीच आला. पुसेगावहून रोज एसटीनं यायचा, माझा सगळ्यात तयार विद्यार्थी. दोन शब्दांमधली जागा तो डाव्या अंगठ्यानं सोडायचा. ती एक सवय मला मोडता आली नव्हती. त्या जागेसाठी त्याचाही अर्ज होता.

दारात उभं राहून तो ऐकत होता. मी थांबल्यावर म्हणाला, "सर, ही इकत देता का मला?"

मी नाही म्हणायला हवं होतं.

त्यानं गिटार मांडीवर घेतली. चार बोटं चार खड्ड्यांत जाऊन बसली.

"हे खड्डे काहून हायेत, सर?"

"आधीच्यानं लई वाजवली," मी म्हणालो.

त्याचा अंगठा मानेच्या पाठीमागं टेकला होता. तिथलं लाकूड अजून सपाट होतं.

त्या रात्री मी कितीतरी महिन्यांनी गाढ झोपलो.

पंधरा दिवसांनी मी सहज विचारल्यासारखं गिटारचं विचारलं. तो हसला. परीक्षा जवळ आली म्हणून दहा दिवस झाले, खुंटीला टांगली आहे, म्हणाला.

"चांगलं केलंस," मी म्हणालो.

दोन दिवसांनी त्यानं सरावाचा कागद आणून दिला. एकही अक्षर चुकलं नव्हतं. फक्त पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत सगळे शब्द एकमेकांना चिकटून आले होते.

बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं. तो डावा अंगठा मुठीत धरून चोळत उभा होता.

"गार पडून राह्यलं, सर," तो म्हणाला.

मी उठून पंखा बंद केला.