पोहण्याच्या तलावात टँकर

टाकीचा नवा भोंगा तिसऱ्या दिवशीही वाजला नाही. सी इमारतीची जमिनीखालची टाकी भरून पाणी पार फाटकापर्यंत वाहत गेलं, आणि तेही टँकरवर जगणाऱ्या वाघोलीत, ऐन मे महिन्यात! खिडक्यांतून आरडाओरडा झाला, तेव्हा पाणी सोडणाऱ्या रंगरावांनी धावत जाऊन टँकरचा कॉक बंद केला.

"रंगराव, उद्या दहाच्या सभेत तुमचाच विषय आहे," सोसायटीचे सचिव सुदर्शनकाका गॅलरीतूनच म्हणाले. "दुसरं काम बघून ठेवा."

अपेक्षा रंगरावांकडे धावली. सुट्टी लागल्यापासून ती, तिची धाकटी बहीण शेफाली आणि शेजारचा बुद्धभूषण रोज सकाळी रंगरावमामांच्या मागे मागे असत. टँकर आला की मामा पहिला तांब्या तुळशीला घालत, पाण्याला हात जोडत आणि मगच कॉक सोडत. हा नेम त्यांनी कधी चुकवला नव्हता.

"म्या काय सांगू पोरी," मामा पायांवरचं पाणी झटकत पुटपुटले. "भोंगा वाजलाच न्हाई."

तिघं तडक काकांच्या दारात गेली.

"वाजला नाही असं होणारच नाही," काका म्हणाले. "प्रत्येक टाकीच्या झाकणाजवळ मी सेन्सर बसवलाय. दर अर्ध्या मिनिटाला तो ऑफिसातल्या डब्याला बिनतारी निरोप पाठवतो, पाणी किती झालं ते. टाकी भरली की भोंगा. मी संगणकावर अख्खी सोसायटी उभारून तपासलंय. शंभरातले नव्व्याण्णव निरोप पोचतात. हा माणूस डोळे मिटून हात जोडणार, त्याला ऐकू काय येणार?"

"पण काका, हात ते टाकी भरायच्या आधी जोडतात," अपेक्षा म्हणाली.

"हिंजवडीच्या आयटी कंपनीत वीस वर्षं हेच काम करतोय मी. तू सातवीत आहेस ना? मग सातवीचं बघ." दार बंद झालं.

"खाली येऊन बघायला काय झालं होतं?" अपेक्षा धुसफुसली.

"लिफ्टचं बटण दाबावं लागतं ना," बुद्धभूषण म्हणाला. "कष्ट पडतात."

ऑफिसातल्या डब्यावर प्रत्येक टाकीकडून आलेल्या निरोपांचा आकडा दिसत असे. अपेक्षा वही घेऊन तिथे बसली. सी टाकीपाशी शेफाली, बी टाकीपाशी बुद्धभूषण. दहा मिनिटांत सी टाकीकडून वीस निरोप यायला हवे होते. आले बरोबर वीस. पुन्हा मोजले. पुन्हा वीस! ऊन चढलं, घसे सुकले, तरी आकडा काकांच्याच बाजूने. अपेक्षाने पेन्सिल आपटली, ती मोडली. आता टोक करायलाही काही नव्हतं.

तेवढ्यात अकराचा टँकर आला. अपेक्षाने वर पाहिलं, तर सी टाकीपाशी कुणीच नाही.

"शेफाली! कुठे हुंदडायला गेलीस?"

"इथेच आहे मी," पलीकडून चिडका आवाज आला. "टँकर आलाय मध्ये. मला का ओरडतेस?"

अपेक्षा ओरडायची थांबली. टँकरने शेफाली झाकली, तसे निरोपही अडत असतील का? मग तिने मोडकी पेन्सिल उचलली आणि मोजायला लागली. टँकर उभा असताना वीसपैकी आले तीन. या वेळी टाकी वाहिली नाही, कारण शेफाली झाकणातून डोकावून मामांना सांगत होती.

वही पाहून काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी लॅपटॉप उघडला. पडद्यावर सोसायटीचा सुरेख नकाशा होता. इमारती, हिरवळ, मधोमध निळाशार चौकोन.

"काका, हे निळं काय?" शेफालीने विचारलं.

"पोहण्याचा तलाव."

"आपल्याकडे?"

नकाशा काकांनी बिल्डरच्या जाहिरातीतून घेतला होता. तलाव कधी बांधलाच गेला नाही. त्याच जागी रोज टँकर उभे राहत.

"म्हणजे तुमच्या संगणकात टँकर आलाच नाही कधी," बुद्धभूषण म्हणाला. "पाणी भरपूर आहे ना तिथे."

काका खाली आले. दुपारचा टँकर उभा होता. तिघं आपापल्या जागी उभी राहिली. टँकरमुळे शेफालीला अपेक्षा दिसत नव्हती. पण बाजूच्या बी टाकीवरचा बुद्धभूषण दिसत होता, आणि त्याला अपेक्षा.

"शेफालीने याला सांगायचं, याने मला," अपेक्षा म्हणाली. "सेन्सरना नाही का जमणार?"

काकांनी नकाशातला तलाव पुसला, तिथे टँकर उभा केला आणि दोन्ही पद्धती संगणकावर चालवून पाहिल्या. थेट निरोप शंभरात सतरा पोचले. बी टाकीमार्गे पंच्याण्णव! संध्याकाळपर्यंत त्यांनी सेन्सरही तसे लावून दिले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी टँकर आला. मामांनी तुळशीला पाणी घातलं, हात जोडले, कॉक सोडला. मुलं श्वास रोखून उभी होती. अर्धा तास गेला. आणि भोंगा असा वाजला, की गच्चीवरची कबुतरं उडाली. मामांनी शांतपणे कॉक बंद केला. एक थेंबही बाहेर आला नाही.

सभेत काका उभे राहिले. "चूक माझी होती. रंगरावांची मी माफी मागतो. ही तपासणी या तिघांनी केली, आणि माझ्यापेक्षा नीट केली."

टाळ्या वाजल्या. मामांनी डोळे पुसत तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला.

परतताना शेफालीने काकांचा सदरा ओढला. "तो तलाव सगळा पुसलात?"

"सगळा."

"संगणकात तरी ठेवायचा होता," ती उसासली. "तेवढाच होता आपल्याकडे."