धोंड्याच्या महिन्यातला बिबट्या

“आज संध्याकाळी उसाच्या कडेला पाखरीला बांधायचं! बिबट्या आला की फटाके, काठ्या, एकदम हल्ला! ठरलं म्हणजे ठरलं!”

आप्पासाहेबांनी असं जाहीर केलं आणि देवळासमोर जमलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. मागे उभी असलेली अस्मिता मात्र आईकडे धावली. पाखरी तिची शेळी होती. जन्मतःच पोरकं झालेलं ते करडू अस्मितानं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

“आई, तू नाही म्हण ना!” तिनं दुर्गाबाईंचा पदर ओढला.

“कसं म्हणू, बाई?” दुर्गाबाई हळूच म्हणाल्या. “आपल्या शेळ्या त्यांच्याच रानात चरत्यात. उद्या फाटक लावलं त्यांनी, तर कुठं जायचं?”

दहा दिवसांत मांजरी गावात तीन शेळ्या मेल्या होत्या. मारणाऱ्याला कुणीही पाहिलं नव्हतं, पण त्याचा रंग, लांबी आणि शेपूट मात्र सगळ्यांना पाठ होती! वनखात्याचा माणूस उद्या सकाळी येणार होता. तोवर थांबायला आप्पासाहेबांना दम कुठला?

“हा बघा फोटो! ग्रुपवर आलाय!” एकानं मोबाइल फिरवला.

तेजस टाचा उंचावून बघू लागला. तो समोरच्या नव्या सोसायटीत राहायचा. मूळचा चंद्रपूरचा, यंदा आठवीत जाणारा आणि जिभेला हाड नसलेला.

“काका, या बिबट्याच्या मागे बर्फ पडलाय,” तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. “मांजरीत कधी पडला? मी झोपलो होतो का?”

“पळ रे इथून! मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस!”

तेजस पळाला, पण जाताना अस्मिताला आणि आपल्या धाकट्या बहिणीला, प्रियदर्शनीला, खूण करून गेला.

“माझे मामा चंद्रपूरला वनखात्यात आहेत,” कोपऱ्यावर गाठ पडताच तो म्हणाला. “बिबट्या शेळीचा गळा धरतो आणि तिला ओढून नेतो. आपल्याकडे तर तिन्ही शेळ्या जागच्या जागी सापडल्या. आज सकाळी मेलेली कुठे आहे?”

“दशरथमामाची होती ती,” अस्मिता म्हणाली. “लॉनच्या मागं ठेवलीय. चला!”

आप्पासाहेबांचं लग्नकार्याचं मोठं लॉन उसाला लागूनच होतं. दशरथमामा तिथला वॉचमन. गोणपाटाखाली झाकलेल्या शेळीजवळ तो डोक्याला हात लावून बसला होता.

“बघू नका, पोरांनो,” तो म्हणाला.

अस्मितानं तरीही गोणपाट उचललं. तिचे डोळे भरून आले, पण तिनं मान वळवली नाही. गळ्यावर ओरखडासुद्धा नव्हता! मागच्या पायांना आणि पोटाला मात्र जागोजागी लचके तोडलेले होते.

“हे एका तोंडाचं काम नाही,” तेजस पुटपुटला.

“दादा, इकडे ये!” प्रियदर्शनी ओरडली. ती ओल्या मातीत उकिडवी बसली होती. “केवढे ठसे! लहान, मोठे... आणि प्रत्येक बोटाच्या पुढे नखाचं टिंब!”

“बिबट्या चालताना नखं आत ओढतो! म्हणजे ही...”

“कुत्री!” तिघंही एकदम म्हणाली.

“पण कुत्री तर इथं कायमच होती,” अस्मिता म्हणाली. “त्यांनी आजवर शेळीकडं बघितलंसुद्धा नाही. मग आत्ताच काय झालं?”

“धोंड्याचा महिना लागल्यापासनं नुसती पीडा हाय,” दशरथमामानं सुस्कारा सोडला. “आधी लॉन बंद झालं, मग ही शेळी गेली.”

“लॉन का बंद?” प्रियदर्शनीनं विचारलं.

“आगं, धोंड्याचा म्हंजी अधिक महिना! त्यात लग्नं कोण करतंय? आता महिनाभर कुलूप!”

अस्मिता बोटं मोजायला लागली. अधिक महिना लागला आणि चौथ्या दिवशी पहिली शेळी मेली होती!

“मामा, लग्नात उरलेलं अन्न कुठं जायचं?” तिनं विचारलं.

“ह्या मागच्या खड्ड्यात. हळदीचं मटण, हाडकं, भात. मी पातेलं ठोकायचो, की उसातनं धा-बारा कुत्री पळत यायची. आप्पासाहेब म्हणायचे, कचऱ्याची गाडी कशाला, कुत्री हायेत की!”

खड्डा आता कोरडा ठणठणीत होता. लग्नसराईचे चार महिने रोज मटण खाल्लेली कुत्री एका दिवसात उपाशी पडली होती!

तिघं धापा टाकत आप्पासाहेबांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकलं आणि मिशीवरून हात फिरवला.

“माझ्या लॉनवर आळ घेता? सुट्टी आहे, घरी बसून गणितं सोडवा!”

“गणितच सोडवलं, आजोबा,” तेजस म्हणाला. “उत्तर तुम्हाला आवडलं नाही, एवढंच.”

संध्याकाळचे साडेसहा वाजले. पाखरीला उसाच्या कडेच्या बाभळीला बांधलं होतं. थोड्या अंतरावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पंधरा माणसं काठ्या घेऊन दबा धरून बसली होती. तिघं मुलं दशरथमामाबरोबर लॉनच्या स्वयंपाकघराच्या छतावर चढली होती. मामानं शिडी वर ओढून घेतली. अस्मिताच्या हातात लोखंडी झारा होता आणि समोर भलंमोठं पातेलं. प्रियदर्शनीनं दुपारभर सोसायटीत दारोदार फिरून पिशवीभर शिळ्या पोळ्या जमवल्या होत्या.

वारा पडलेला होता, तरीही ऊस हलला! पाखरी केविलवाणी ओरडली.

“बिबट्या!” ट्रॉलीत कुणीतरी किंचाळलं. एकच रेटारेटी झाली, काड्यापेटी खाली पडली आणि पंधराच्या पंधरा माणसं एका कोपऱ्यात चेंगरली. खाली उतरायला एकही जण तयार होईना!

उसातून एक तांबडं कुत्रं बाहेर आलं. मग दोन. मग पाच. माना खाली घालून, अजिबात न भुंकता ती पाखरीभोवती गोल धरू लागली. पाखरी दाव्याला हिसके देत होती. दावं तुटत नव्हतं.

“दहा... अकरा... बारा...” प्रियदर्शनी मोजत होती.

अस्मितानं झारा उचलला आणि तसाच धरून ठेवला. कुत्री आली नाहीत तर? भूक इतकी वाढली असेल की त्यांना आता पातेलं ऐकूच आलं नाही तर?

“अस्मिता, ठोक!” तेजस ओरडला.

ठण्! ठण्! ठण्!

बारा माना वर झाल्या. तांबडं कुत्रं मात्र पाखरीच्या दिशेनं आणखी एक पाऊल पुढे सरकलं. अस्मितानं सगळा जीव एकवटून झारा हाणला. ठण्! ठण्! ठण्!

तांबडं कुत्रं वळलं आणि खड्ड्याकडे सुसाट धावलं! त्याच्यामागे बाकीची सगळी! प्रियदर्शनीनं पोळ्यांची पिशवी खाली रिकामी केली. शेपट्या हलवत बाराही कुत्री त्यावर तुटून पडली.

ट्रॉलीतली माणसं एकेक करून उठून उभी राहिली.

“आरं, ही तर आपल्या लॉनवरची!” एक जण म्हणाला आणि सगळे आप्पासाहेबांकडे बघू लागले.

तोवर दुर्गाबाई घरून धावत येऊन पाखरीला बिलगल्या होत्या. आप्पासाहेब ट्रॉलीतून सावकाश उतरले. त्यांनी तिथूनच महापालिकेत कुणाला तरी फोन लावला. कुत्री पकडून लस टोचणारी, नसबंदी करणारी गाडी उद्याच येईल असं कबूल करून घेतलं. पोळ्या संपवून कुत्री उसात परतल्यावर दशरथमामा आणि मुलं शिडीवरून खाली आली, तेव्हा आप्पासाहेबांचा चेहरा उतरला होता.

“चूक माझीच आहे,” ते म्हणाले. “गाडी येईपर्यंत कुत्र्यांना मी खायला घालीन. यापुढे खड्ड्यात एक शीत पडणार नाही. आणि दुर्गाबाई, रानाचं फाटक तुम्हाला कायम उघडं.”

अस्मितानं आईकडे पाहिलं. तिला एकदम रडूच आलं.

आप्पासाहेबांना मात्र आता हुरूप आला. त्यांनी खाकरून घसा साफ केला. “मंडळी! जे आपल्या ध्यानात आलं नाही, ते या तीन पोरांच्या ध्यानात आलं! असा चौकसपणा, असं धाडस! देवळासमोर मोठा कार्यक्रम घेऊ, नारळ देऊन जाहीर सत्कार...”

“आप्पासाहेब,” दुर्गाबाई मध्येच म्हणाल्या. एवढ्या लोकांसमोर त्यांचा आवाज पहिल्यांदाच असा खणखणीत निघाला होता. “सत्कार उद्या करा. आधी माझी शेळी सोडा.”

आप्पासाहेबांनी एकदा आपल्या पांढऱ्याशुभ्र धोतराकडे पाहिलं. मग ते बाभळीखाली मातीत खाली बसले आणि दोन्ही हातांनी दाव्याची गाठ सोडू लागले.