मांजरीच्या पोटातली बटणं

मांजरीला डॉक्टरकडे न्यायचं, हे नणंदेनेच ठरवलं. नवरा गेल्यापासून शिंपीणबाईने काही ठरवणं सोडूनच दिलं होतं. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात ना, तशी ती सगळीच्या सगळी बधिर झाली होती. मशीन चालू होतं, जेवणखाण चालू होतं. रडू मात्र एकदाही आलं नव्हतं.

आणि मांजरी घर खात सुटली होती. दुधाला तोंड लावायची नाही, पण मोजे, कंगवा, चष्म्याची दोरी, सगळं फस्त. तेही फक्त त्याचंच. काल त्याच्या ड्रायव्हरच्या कोटाचा नंबर लागला. खुंटीला नुसता हँगर उरला.

"अख्खा कोट, वहिनी! माझ्या दादानेसुद्धा एका बैठकीत एवढं हाणलं नसेल," नणंद म्हणाली आणि तिचेच डोळे भरून आले.

दवाखान्यात भर दुपारी पडदे ओढलेले होते. औषधाचा उग्र वास नाकात बसत होता. जनावरांच्या डॉक्टरने एक्स-रे काचेवर लावला, मागचा दिवा पेटवला आणि बोटाने दाखवलं.

मांजरीच्या पोटात कोटाची पितळी बटणं होती. विखुरलेली नव्हती. एकाखाली एक, ओळीने.

"कापड अडकलंय. आजच पोट उघडावं लागेल, नाहीतर जगणार नाही ती," डॉक्टर म्हणाला.

शिंपीणबाई काचेजवळ गेली. कोट तिनेच शिवलेला. नवऱ्याचं पोट सुटलं तसा तो मध्ये फाकायला लागला, म्हणून तिने तिथे एक जास्तीचं बटण लावलं होतं. तेही जागच्या जागी होतं. बटणांची ओळ तिथे पुढे आली होती.

"वन्सं… रिकामा कोट असा ताणून बसत नाही."

"म्हणजे?"

"कोट अंगात आहे… कुणाच्या तरी."

"वहिनी, काहीतरीच काय बोलता…" नणंदेने तिचा दंड घट्ट धरला.

डॉक्टरने खात्रीसाठी पुन्हा फोटो काढला. या वेळी गळ्याजवळचं बटण ओळ सोडून बाजूला गेलं होतं.

"हललं असेल," तो म्हणाला.

गाडीवर असताना नवरा गळ्याचं बटण कधी काढत नसे. घरी आला की मात्र, बूटसुद्धा काढायच्या आधी, पहिलं तेच काढायचा. शिंपीणबाईच्या छातीत इतक्या दिवसांनी काहीतरी दुखलं. ते दुखणं तिला हवं होतं.

"कापू नका," ती म्हणाली.

"अहो, मरेल ती!"

तिने मांजरीला टोपलीत घातलं आणि बाहेरच्या बाकावर येऊन बसली. नणंद रिक्षा बघायला गेली. टोपलीतून डिझेलचा वास येत होता. मांजरीने डोकं बाहेर काढलं आणि शिंपीणबाईच्या बाहीचं बटण दातात धरलं. दोरा तुटला, बटण आत गेलं. मनगट गार पडत गेलं, मग कोपर.

तिने हात मागे घेतला नाही. त्याच्याकडे जायला निघाल्यासारखी दुसरी बाही नीट सरळ केली आणि टोपलीजवळ नेली.