सही झाल्यावरची ओळ

ढब्बूची बॅटरी काठोकाठ भरलेली होती, तारा जागच्या जागी होत्या, पोटातला पंखाही फिरत होता. तरी ढब्बू उठेना. छातीवरचा लाल दिवा तेवढा लागे आणि आतून आवाज येई, "सही जुळत नाही."

ढब्बू हा चंद्रावरच्या सोमवाडीचा स्वयंपाकी यंत्रमानव. चंद्रावर वजन सहाव्या हिश्श्याचं, त्यामुळे फोडणीतली मोहरी तडतडली की थेट छताला जाऊन बसते. ढब्बू एका हाताने पोहे परततो आणि दुसऱ्या हातातल्या जाळीने मोहरी पकडतो. एकदा मोहरीबरोबर सरपंचांची टोपीही जाळीत आली आणि फोडणीत गेली. पोहे झकास झाले होते म्हणे. माझा विश्वास आहे. तुमचं तुम्ही बघा.

ढब्बूला घडवणारे अनंतआबा त्या दिवशी कायमचे पृथ्वीवर परत निघाले होते. जाण्याआधी त्यांनी ढब्बूसाठी नवा गाभा (यंत्राला जागं करून सगळी कामं वाटून देणारी मूळ आज्ञावली) लिहिला आणि त्यावर शेवटची सही केली. मग रीतीप्रमाणे किल्लीमोड झाली. सही करणारा गाव सोडतो, तेव्हा त्याची गुप्त किल्ली सगळ्यांदेखत मोडायची, म्हणजे त्याच्या माघारी त्याच्या नावाने खोटी सही व्हायला नको. आबांनी किल्लीची चकती खलबत्त्यात कुटली आणि जिलेबी वाटली. आधी ढब्बूला उठवून बघावं, हे जिलेबीच्या वासात एकालाही सुचलं नाही.

आता यान सुटायला थोडाच वेळ उरला होता आणि आबांची शिष्या शलाका ढब्बूशेजारी मान खाली घालून बसली होती.

"काय केलंस गं?" आबांनी विचारलं.

तिने हळूच सांगितलं. आबांनी गाभ्यात स्वतःचं नाव कुठेच लिहिलं नव्हतं. म्हणून सही झाल्यावर तिने एक ओळ घातली: 'हा गाभा अनंतआबांनी लिहिला.' पुन्हा बांधणी (लिहिलेल्या आज्ञा यंत्राला कळतील अशा रूपात आणणं) केली आणि आबांनी सही केलेला गाभा पुसून हा त्याच्या जागी ठेवला.

आबा रागावले नाहीत, तेच तिला जड गेलं. त्यांनी समजावलं, की सही म्हणजे गाभ्याखाली लिहिलेलं नुसतं नाव नव्हे. आधी अख्ख्या गाभ्याचा ठसा (सगळ्या अक्षरांचं गणित करून काढलेली संख्या) काढतात, आणि तो गुप्त किल्लीने बंद करतात. ती बंद केलेली संख्या म्हणजे सही. ढब्बूच्या आत दुसरीच एक छोटी चकती पहारा देते. तिच्यात उघडी किल्ली असते. त्या किल्लीने सही तपासता येते, करता येत नाही. गाभा जागा होण्याआधी चकती त्याचा ठसा नव्याने काढते आणि सहीतल्या ठशाशी ताडून बघते. एक अक्षर हललं तरी ठसा सगळाच बदलतो. चोराने बदललं की मायेने, चकतीला कळत नाही.

शलाकाने ओळ काढून टाकली, पुन्हा बांधणी केली. दिवा लालच. बांधणी केल्याची वेळ गाभ्यात आपोआप उमटते, आणि सकाळची ती वेळ परत आणता येत नव्हती.

"तुमची सही गेली, आबा."

"गेली. तुझी आहे ना."

किल्ली मोडण्याआधी आबांनी वारसाची, म्हणजे शलाकाची, उघडी किल्ली ढब्बूच्या चकतीत नोंदवली होती. शलाका सही करायला सरसावली, तशी त्यांनी तिचा हात धरला. आधी वाच, म्हणाले. सही करणं म्हणजे हे मी पाहिलंय, याचा भार माझ्यावर, असं सांगणं. ती वाचत बसली. मोहरीच्या जाळीच्या आज्ञांपर्यंत पोचली तेव्हा आबा उठून यानाकडे गेले होते.

संपूर्ण वाचून झाल्यावर तिने सही केली. दिवा हिरवा झाला. ढब्बूने डोळे उघडले आणि उठल्यावर तो नेहमी सांगतो तसं सांगितलं, "गाभा तपासला. सही: शलाका."

इतकी वर्षं तिथे 'अनंत' असायचं. तिला नेमकं तेच टिकवायचं होतं.

रेडिओवर यानातून आबांचं हसू ऐकू आलं. "ढब्बू खरं बोलतोय," ते म्हणाले. "पोहे करायला सांग."

तेव्हापासून सोमवाडीत सही शिकायला येणाऱ्या मुलांना शलाका पहिल्याच दिवशी ढब्बू उठताना दाखवते. तो तिचं नाव घेतो, तेव्हा ती क्षणभर खिडकीबाहेरच्या निळ्या पृथ्वीकडे बघते. मग मुलांकडे वळून म्हणते, "चला, आधी वाचायला शिकू."