दुसऱ्यांदा "सोड"

ज्याला ही थाप वाटेल त्याने विक्रोळीला माझ्या गॅरेजवर यावं. नंदूला समोर बसवतो. त्यालाच विचारा.

मार्चमधला मंगळवार. दुपारचे सव्वातीन. रात्र-बित्र काही नव्हती, बाहेर रणरणतं ऊन होतं.

नंदू माझा धाकटा भाऊ. गॅरेज दोघांचं, पण त्याला लोक ओळखतात ते पखवाजामुळे. त्या शनिवारी त्याची डबलबारी होती, दोन भजनी मंडळांचा मोठा सामना. आठवडाभर मी त्याच्यावर खेकसत होतो, "मेल्या, हात सांभाळ!"

बोरीवलीच्या अनिरुद्धने एक जुनी एटीव्ही टेम्पोत घालून पाठवली होती. चार जाड चाकांची, चिखलात पळवायची बाईक. तक्रार एकच...

गिअर पडत नाही.

आम्ही तेल बदललं. क्लचची केबल नवी टाकली. पायाखालच्या गिअरच्या दांड्याचा बुश झिजला होता, तोही बदलला.

तरी गिअर हलेना.

"शिरा पडो ह्या गिअरवर!" मी वैतागलो.

नंदू हसला नाही. "दादा, पाय ठेवून बघ ना. खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतंय रे."

मी पाय ठेवला.

दांडा खालून... वर ढकलला जात होता.

"स्प्रिंग असेल," मी म्हणालो. कसली स्प्रिंग! तेव्हाच ती गाडी रस्त्यावर ढकलून द्यायला हवी होती.

मागची चाकं अधांतरी राहतील अशी गाडी स्टँडवर घेतली. इंजिन चालू केलं. मी सीटवर, क्लच दाबून. नंदू मागे फरशीवर आडवा, चेन तपासत.

आमची पद्धत अशी. मागचा "टाक" म्हणाला की गिअर टाकायचा. "सोड" म्हणाला की क्लच सोडायचा, म्हणजे चेन फिरते. पण "सोड" दोनदा ऐकल्याशिवाय क्लच सोडायचा नाही. चुकून हात आत असला तर?

"टाक!"

मी दांडा दाबला. गिअर पडला. अगदी सहज...

आणि रस्त्याचा आवाज गेला. हॉर्न नाहीत. कावळे नाहीत. फक्त आमचं इंजिन.

"सोड!" नंदू मागून ओरडला.

मी थांबलो.

"सोड..."

हे दुसरं हळू होतं. पण एवढ्या धडधडीतही स्पष्ट, कानाशी बोलल्यासारखं. आवाज नंदूचाच.

मी क्लच सोडला.

गाडीला हिसका बसला. इंजिन बंद पडलं. मागून किंकाळी नाही, काही नाही.

वळून पाहिलं. नंदूचा उजवा हात चेनमध्ये. डोळे फाटलेले.

आणि तोंड घट्ट मिटलेलं.

तीन बोटं गेली. मनगटावर काळेनिळे वळ होते. डॉक्टर म्हणाले, हे चेनचे नाहीत. कुणीतरी पंजाने आवळलंय.

गाडी मी त्याच दिवशी परत धाडली. शनिवारी, ऐन डबलबारीच्या वेळी, अनिरुद्धचा फोन. "झकास काम केलंत यार! गिअर लोण्यासारखा पडतोय." मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभा होतो. त्याला काय सांगणार, कप्पाळ?

नंदू अकरा दिवस माझ्याशी बोलला नाही. बाराव्या दिवशी त्याची बायको जानकी त्याला पेज भरवत होती. चमचा हाताने सारून त्याने विचारलं, "दादा, क्लच का सोडलास?"

"तू दोनदा म्हणालास म्हणून."

"एकदाच म्हणालो. तेही तुला नाही. माझा हात कुणीतरी आत ओढत होतं. त्याला म्हणालो, सोड."

"नंदू, मी दुसऱ्यांदा ऐकलं रे..."

"दुसऱ्यांदा कसा म्हणणार? त्याचा दुसरा हात माझ्या तोंडावर होता."

जानकी तेव्हापासून माझ्याकडे बघत नाही. तिला वाटतं, चूक लपवायला मी खोटं बोलतो. नंदूलाही तसंच वाटत असणार. पखवाज त्याने देऊन टाकला.

मी काय करू? आईची शपथ, तो आवाज नंदूचाच होता.