मंत्र्यांच्या स्वयंपाकघरात

केबलची वेटोळी खांद्यावर टाकून ती मागच्या दाराने शिरत होती, तेवढ्यात पायरीवर बसलेल्या कुणाला तरी अडखळली.

"तुमच्या कॉलरला लेबल लटकतंय," सावरत ती म्हणाली.

"शर्ट माझा नाहीच. तुमच्याच लोकांनी दिलाय… म्हणे, घरातला वाटायला हवा."

तिने कात्रीने लेबल कापलं. ती वाहिनीची साउंडवाली. त्यांच्या कार्यक्रमात नेत्याला त्याच्याच स्वयंपाकघरात उभं करत आणि गप्पांच्या ओघात मनातलं बोलायला लावत. आज मंत्र्यांची पाळी होती, आणि हा त्यांचा मुलगा.

शर्टाच्या आत माइक लावताना तिची बोटं त्याच्या गळ्याजवळ आली. तो ताठच झाला.

"श्वास घ्या हो… मला आवाज हवाय."

"आई शेवटच्या दुखण्यात होती, तेव्हा हे प्रचाराला हिंडत होते," तो एकाएकी म्हणाला. "तेव्हापासून मी बोलत नाही त्यांच्याशी. सचिवाने हातापाया पडून आणलंय मला. आज कॅमेऱ्यासमोर खरं सांगून टाकलं तर?"

"सांगा की. मला आवाज स्पष्ट हवा. खरं-खोटं माझ्या खात्यात येत नाही."

"ते बाबांच्याही खात्यात येत नाही!"

ती फस्सकन हसली. कामावर ती सहसा हसत नसे.

चित्रीकरण सुरू झालं. मंत्री चहा करायला निघाले आणि साखर शोधता शोधता त्यांनी सगळी कपाटं उघडून पाहिली. बाईंनी, म्हणजे मुलाखतकर्तीने, नेमकी संधी साधली. मुलाकडे वळून गोड आवाजात विचारलं, "काय हो, तुमचे बाबा घरी असतात तरी का?"

सचिवाचा चेहरा पांढराफटक पडला. मंत्री हातात मिठाचा डबा धरून तसेच उभे होते. मुलाने त्यांच्याकडे पाहिलं… बराच वेळ पाहिलं. मग उठून त्याने खालच्या खणातून साखर काढून दिली.

"आईने जागा बदलली होती," तो म्हणाला. "बाबांना अजून सवय नाही."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. बाई हिरमुसून पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. मंत्री शेगडीवर वाकले आणि पुटपुटले, "जेवायला… थांबशील?"

ऐकलं ते फक्त मुलाने, आणि कानाला हेडफोन लावलेल्या तिने.

सामान आवरताना निर्माता धावत आला. "बापलेक काहीतरी कुजबुजले ना? मिळालं का? सोनं आहे ते!"

"भांडी वाजली," ती म्हणाली. "वापरण्यासारखं नाही."

तो चडफडत गेला. तिने तो तुकडा पुसून टाकला. असं तिने आजवर कधीच केलं नव्हतं, आणि आज का केलं, याचा विचार तिने मुद्दामच लांबवला.

ती गाडीत पेट्या चढवत असताना मंत्र्यांचा मुलगा बाहेर आला. आता अंगात स्वतःचा, चुरगळलेला शर्ट होता.

"कोपऱ्यावर कॉफी बरी मिळते," तो म्हणाला. "तुम्ही… याल?"

"तुम्हाला जेवायला बोलावलंय ना?"

तो चपापला. "म्हणजे तुम्ही ऐकलंत. मग निर्मात्याला दिलं का नाही?"

"ते कुणाला दाखवण्यासाठी नव्हतं."

तिने उगाचच पेटीची कडी पुन्हा लावली.

"जा आत," ती म्हणाली. "ताटं मांडली असतील."

"आणि कॉफी?"

"रविवारी. मला सुट्टी असते."

"रविवारपर्यंत तुमचा विचार बदलला तर?"

"माझा नाही बदलायचा," ती बोलून गेली, आणि कानशिलं तापली तशी घाईने गाडीत चढली. चालकाने इंजिन सुरू केलं. तो मात्र आत जायचं सोडून फाटकाशीच उभा होता… शेवटी तिनेच काच खाली केली आणि ओरडली, "अहो, जेवण गार होतंय!"